साथीतील मृत्यूंची मोजदाद : १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या संदर्भात काही देशांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

१९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जगभरात किती माणसे दगावली, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकात सातत्याने बदलत गेले आहे. एडविन जॉर्डन या अमेरिकन जीवाणुशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये हा आकडा सुमारे २ कोटी १५ लाख सांगितला. पॅटरसन व पाइल या अभ्यासकांनी १९९१ मध्ये तो २ कोटी ४७ लाख ते ३ कोटी ९३ लाख यांच्या दरम्यान धरला, तर जॉन्सन व म्युलर यांनी २००२ मध्ये तो ५ कोटींपर्यंत नेला. मृत माणसे तीच. मोजणी मात्र पाऊण शतकात दुपटीहून अधिक झाली. ही वाढ प्रामुख्याने आशिया, आफ्रिका आदी प्रदेशांच्या फेरअंदाजातून झाली आहे. म्हणून ‘कोणत्या देशात किती मृत्यू झाले’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या देशात मृत्यू कोण लिहीत होते’ हा प्रश्न विचारणे इतिहासाच्या अभ्यासकास क्रमप्राप्त ठरते. मोजणीची अचूकता वैद्यकीय ज्ञानापेक्षा साथीपूर्वीच्या नोंदणीव्यवस्थेवर अवलंबून होती, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

इंग्लंड, अमेरिका व जपान

इंग्लंड-वेल्समध्ये मृत्यूची नागरी नोंदणी १८३७ पासून सुरू होती. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने १८४७ मधील लंडनच्या इन्फ्लुएन्झाचा विचार करताना एक साधी युक्ती वापरली. दाखल्यावर ‘इन्फ्लुएन्झा’ असे लिहिलेले मृत्यू मोजून न थांबता, नेहमीच्या काळात अपेक्षित असलेल्या मृत्यूंपेक्षा किती अधिक मृत्यू झाले हे त्याने पाहिले. आज ‘अतिरिक्त मृत्यू’ या नावाने परिचित असलेली पद्धती ती हीच. या पद्धतीची अट एकच आहे : नेहमीचे वर्ष कसे असते हे आधी ठाऊक असावे लागते. १९१८ मध्ये इंग्लंडजवळ अशी ८० वर्षांची दप्तरे होती. रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाने १९२० मध्ये या साथीवर स्वतंत्र अहवाल काढला. इंग्लंड-वेल्ससाठी सुमारे २ लाख आणि संपूर्ण ग्रेट ब्रिटनसाठी सुमारे २ लाख २८ हजार हे आकडे त्यानंतर फारसे हललेले नाहीत.

अमेरिकेची स्थिती मात्र समजली जाते तितकी नेटकी नव्हती. तेथील ‘मृत्युनोंदणी क्षेत्रा’त १९१८ मध्ये देशाची सुमारे तीन-चतुर्थांश लोकसंख्याच येत होती, टेक्सास राज्य तर थेट १९३३ मध्ये त्यात दाखल झाले. सर्वत्र उद्धृत होणारा ६ लाख ७५ हजार हा आकडा त्यामुळे मोजणीचा नसून नोंदणीबाहेरील प्रदेशास हिशोब लावून काढलेला अंदाज आहे. इन्फ्लुएन्झा व न्यूमोनिया यांचे मृत्यू डॉक्टरांना वेगळे करता येईनात, म्हणून जनगणना खात्याने ते एकत्रच मोजले. ही कबुली प्रामाणिक होती व पुढील संशोधनास उपयोगीही ठरली.

जपानच्या गृहखात्याच्या आरोग्य विभागाने १९२२ मध्ये २ कोटी ३८ लाख रुग्ण व सुमारे ३ लाख ८८ हजार मृत्यू प्रसिद्ध केले. अकिरा हायामी या इतिहासकाराने २००६ मध्ये अतिरिक्त मृत्यूंच्या पद्धतीने हिशोब मांडून ही संख्या सुमारे ४ लाख ५३ हजार असल्याचे दाखविले. म्हणजे सातांपैकी एक मृत्यू सरकारी अहवालातून निसटला होता. चूक लहान नव्हे. पण ती ८४ वर्षांनंतर दुरुस्त करता आली, कारण मूळ नोंदी शाबूत होत्या.

हिंदुस्थान : ‘ताप’ नावाचा रकाना

ब्रिटिश हिंदुस्थानात मृत्युनोंदणी होती. मात्र तिचा पाया वैद्यक नव्हता. मुंबई इलाख्यातील खेड्यांत पाटील-कुलकर्णी, तर बंगालमध्ये चौकीदार मृत्यूची वर्दी देत. त्यांच्यापुढे कॉलरा, देवी, प्लेग, अतिसार, श्वसनविकार, ताप असे मोजके रकाने असत, आणि जे ओळखता येत नसे ते सर्व ‘तापा’त जाई. महाराष्ट्रातील लोकांनी या साथीला ‘मानमोडी’ असे नेमके नाव दिले होते. गावच्या नोंदवहीत मात्र त्या नावाला जागा नव्हती. शिवाय नोंद करणाराच आजारी पडला किंवा दगावला, तर त्या आठवड्यांची वहीच कोरी राहिली. संस्थानी मुलखात हिंदुस्थानची एक-पंचमांशाहून अधिक प्रजा राहत होती आणि तेथील नोंदणी याहूनही विरळ होती. मुंबई शहर हा अपवाद. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू झाले, असे आज नेमकेपणाने सांगता येते. त्याच आठवड्यात इलाख्यातील एखाद्या तालुक्यात काय घडले हे तितक्या खात्रीने सांगता येत नाही.

परिणामी अंदाज वाढत गेले. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या १९१९ च्या प्राथमिक अहवालात सुमारे ६० लाख मृत्यू मानले आहेत. १९२१ च्या जनगणनेचे आयुक्त मार्टेन यांनी ही संख्या १ कोटी २० ते ३० लाख ठरविली. किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये ती दोन कोटींच्या आसपास नेली, आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० ते ८० लाख हा अंदाज मांडला. चंद्रा व सहकाऱ्यांचा २०१२ मधील १ कोटी ३९ लाखांचा आकडा केवळ ब्रिटिशशासित प्रांतांचा आहे, ही मर्यादा अनेकदा विसरली जाते. त्यातही १९१८ मध्ये पाऊस हुकला होता, धान्य महागले होते. अतिरिक्त मृत्यूंतून भुकेचा वाटा वेगळा कसा काढावा, हा प्रश्न कोणत्याही सूत्राने पुरता सुटलेला नाही.

मार्टेन व मिल्स यांच्या अंदाजांतील अंतर किमान ४० लाखांचे आहे. अमेरिका, ग्रेट ब्रिटन आणि जपान या तिन्ही देशांतील मृत्यूंची बेरीज साडेतेरा लाखांच्या आसपास भरते. हिंदुस्थानच्या आकड्यातील केवळ संदिग्धता त्या बेरजेच्या जवळपास तिप्पट आहे! पाश्चात्त्य ग्रंथांत या साथीचे वर्णन दीर्घकाळ फिलाडेल्फिया व लंडनच्या अंगाने होत राहिले, याचे एक कारण येथे सापडते.

शंभर वर्षांनंतर

कोविड-१९ च्या साथीत प्रयोगशाळेतील चाचणी उपलब्ध होती. त्यामुळे मोजणी सुकर व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात व्याख्याच देशागणिक बदलली. बेल्जियमने वृद्धाश्रमांतील संशयित मृत्यूही धरले आणि त्याचा मृत्युदर आरंभी भीषण भासला. वास्तविक त्याने इतरांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे मोजले होते. पेरूने मे २०२१ च्या अखेरीस आपला आकडा ६९,३४२ वरून एकदम १,८०,७६४ केला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांतील अतिरिक्त मृत्यू सुमारे १ कोटी ४९ लाख असल्याचे म्हटले. देशांनी कळविलेले मृत्यू सुमारे ५४ लाख होते. भारतासाठी तिचा अंदाज ४७ लाखांचा, तर सरकारी आकडा ४ लाख ८१ हजारांचा. भारत सरकारने प्रतिमानाच्या वैधतेवर आक्षेप घेतला आणि प्रतिमानांविषयीची साशंकता तत्त्वतः गैर म्हणता येणार नाही. तथापि मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीच्या अहवालानुसार देशात २०१९ मध्ये ७६ लाख, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे असू शकते. एका वर्षातील २१ लाखांची वाढ तेवढ्याने स्पष्ट होत नाही.

या वेळी एक गोष्ट १९१८ हून वेगळी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृताच्या वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळू लागले, आणि दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही एवढ्याच कारणावरून ते नाकारू नये, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या घरात होते. साहाय्यासाठी आलेले अर्ज मात्र २ लाख १३ हजारांवर गेले होते. अर्ज म्हणजे सिद्ध मृत्यू नव्हे. त्यांत दुबार व अपात्र अर्जही असणार. तरीही १९१८ मध्ये ‘तापा’च्या रकान्यात गेलेल्या माणसाच्या वारसाला ती नोंद बदलून मागण्यासाठी कोणतेही दार नव्हते.