अभंगाच्या वाटेने आलेली प्रार्थना

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपणांस भाषेचा प्रश्न नवा नाही. शाळा, कचेरी, दुकानावरची पाटी यांच्या निमित्ताने तो आपण नित्य चर्चितो. पण माणूस देवापुढे उभा राहतो तेव्हा तो कोणत्या भाषेत आणि कोणत्या छंदात गातो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. धर्म बदलला की भाषाही परकी होते, अशी एक समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रुजलेली आहे. मराठी ख्रिस्ती गीतकारांची चरित्रे वाचली की ती टिकत नाही.

या परंपरेचा आरंभ आपल्यापासून फार दूर झालेला नाही. घाट उतरून गोव्यात गेले की राशोलचे नाव भेटते. तेथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या परदेशी माणसाने बायबलची कथा सांगण्यासाठी ओवी निवडली, आणि ग्रंथाला नावही दिले ते पुराण असे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. छापील प्रती नाहीशा झाल्या. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांतून आणि भाविकांच्या कंठातून.

एकोणिसाव्या शतकातील चित्र निराळे आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावास आले. निपाणीच्या उत्तरेस कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ मध्ये कार्य सुरू केले. या काळातील उपासनेत इंग्रजी गीतांच्या भाषांतरांचा भरणा मोठा होता. अडचण श्रद्धेची नव्हती, छंदाची होती. इंग्रजी गीत शब्दाच्या आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर, ऱ्हस्व-दीर्घांच्या मात्रांवर आणि यमकावर चालते. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवले की दीर्घ अक्षर आखडते, ऱ्हस्व ताणले जाते आणि गाणाऱ्याची जीभ अडखळते. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडून या अवघडलेपणातून पहिली वाट काढली. ती राजमार्ग झाली नारायण वामन टिळकांमुळे.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृतचा व्यासंग, कवित्व आणि धर्मजिज्ञासा ही त्यांची शिदोरी. १८९३ मध्ये राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर दुभंगले, पत्नी लक्ष्मीबाई अनेक वर्षे दूर राहिल्या. समाजाने त्यांना परके ठरवले. यावर टिळकांनी दिलेले उत्तर वादाचे नव्हते, रचनेचे होते.

तुकारामांच्या वाणीनेच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचवले, अशी त्यांची भावना होती. म्हणून ख्रिस्ताकडे जाताना त्यांनी अभंग मागे टाकला नाही. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत. एवढ्याशा चौकटीत आर्जव, भांडण, लाड, शरणागती सारे मावते, हे वारकऱ्याला ठाऊक असते. टिळकांनी तीच चौकट ख्रिस्ती उपासकाच्या हाती दिली. ‘अभंगांजली’ हे त्यांच्या संग्रहाचे नावच बोलके आहे; ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहातही त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. निरक्षर उपासकालाही ही पदे मुखोद्गत करता आली, कारण त्यांची चाल त्याच्या कानावर आधीपासूनच होती.

लक्ष्मीबाईंचे चरित्र याहून विलक्षण आहे. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. अक्षरओळख पतीकडून झाली. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोवर सोवळ्याओवळ्यापासून त्यांचे मन कसे सुटत गेले, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी विनोदबुद्धीने सांगितले आहे. आपण त्यांना याच ग्रंथामुळे ओळखतो. परंतु टिळकांनी आरंभ करून अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य पुढे नेण्याचे फार मोठे काम त्यांनीच केले, हे आपण विसरतो. पतीच्या धर्मांतराने जिचा संसार मोडला, तिनेच त्याच्या श्रद्धेचे काव्य पेलले.

१९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा असावी अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, मुंबईत त्यांचे निधन झाले आणि तो दरबार आकार घेण्यापूर्वीच विरला. संस्था गेली, पदे राहिली.

साताऱ्याहून निघालेला महामार्ग कोल्हापूर, निपाणी करीत बेळगावात येतो. या वाटेवर मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. येथील भाषेचा वाद आपण हक्काच्या परिभाषेत मांडतो, आणि ते योग्यही आहे. पण स्टीफन्स जन्माने मराठी नव्हते, आणि टिळकांना त्यांच्याच माणसांनी परके म्हटले. तरीही दोघांचे शब्द टिकले, कारण लोकांना ते गाता आले. भाषा कोणाची, या प्रश्नाचे एक उत्तर सनद-दफ्तरात असेल. दुसरे, जो तीत मनापासून प्रार्थना करतो त्याच्या कंठात असते. आपल्या वाङ्मयेतिहासाने या दुसऱ्या उत्तराची नोंद अद्याप पुरेशी घेतलेली नाही.