गणकयंत्राचा ताप आणि त्यावर उतारा

श्रोतेहो, विहिरीवरचे तेल-इंजिन चालते तेव्हा त्यातून गार पाणी खेळते ठेवावे लागते, हे शेतकरी बंधूंना सांगायला नको. पाणी थांबले की इंजिन तापून अडकलेच म्हणून समजा. पण ज्यात चाक नाही की दट्ट्या नाही, जे नुसते आकडे मोजते, ते गणकयंत्र, म्हणजे आजचा संगणक, का तापावे?

त्याची हकिकत अशी. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एनिॲक हे गणकयंत्र जगापुढे आले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि ते १५० किलोवॅट वीज घेई. ही वीज जाई कुठे? जवळजवळ सगळी उष्णतेत! ती बाहेर लोटण्यासाठी मोठाले पंखे बसवावे लागले.

पुढे ट्रान्झिस्टर आले. १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये नखाएवढ्या तुकड्यावर २,३०० ट्रान्झिस्टर होते, पण त्याला पंखा लागत नसे. मात्र प्रत्येक ट्रान्झिस्टर उघडताना-मिटताना थोडी उष्णता निघतेच. त्यांची संख्या वाढली, वेग वाढला, तसा तापही चढला. १९९३ चा पेंटियम सुमारे १५ वॅट घेई. २००४ चे काही पेंटियम-४ तब्बल ११५ वॅटवर गेले. शंभर वॅटच्या जुन्या दिव्याला हात लावून पाहा. तेवढी आच एका नखाएवढ्या जागेत! लहान पंखे गरगर फिरू लागले आणि टेबलावरच्या यंत्राची घरघर नकोशी झाली. अखेर त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ काढण्याचा बेत सोडून दिला.

मग उतारा सापडला तो दोन अंगांनी. पहिला, ताप मुळातच कमी करण्याचा. विजेचा दाब एक दशांश उतरवला, तर उघडमिटीची उष्णता जवळजवळ एक पंचमांश घटते. २००६ च्या कोअर-२ ड्युओमध्ये एकाऐवजी दोन गाभे कमी वेगाने राबू लागले. काम वाढले, आणि बहुतेक नमुन्यांची मर्यादा ६५ वॅटवर आली.

दुसरा उतारा उष्णतानलिकेचा. १९६३ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती सिद्ध केली. हवा काढलेल्या बंद तांब्याच्या नळीत थोडे पाणी असते. तापल्या टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीत तेल चढावे तसे ते परत येते. गार टोकाला धातूच्या पातळ पात्या आणि त्यांवर मोठा, सावकाश फिरणारा पंखा. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो.

तरी प्रश्न मिटलेला नाही. २०२३ चा एक प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत जातो. शिवाय पंखा झाला तरी खोलीतलीच हवा फिरवणार. ती ४२ अंशांवर असेल, तर प्रोसेसर तिच्याहून गार कसा होईल? फार तापला की तो आपणहून वेग कमी करतो. तेव्हा शिक्षकमित्रहो, मे महिन्यात शाळेतला संगणक रेंगाळू लागला, तर लगेच नव्याची मागणी करू नका. यंत्र भिंतीपासून हातभर पुढे घ्या, वीज तोडून पात्यांमधली धूळ झाडा. इंजिनाला पाणी, तसा याला मोकळा वारा.