एक पौंड धान्य, तीन किलो तांदूळ

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघते, खुडूसचे रिंगण आटोपते आणि वेळापूरला मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात कुणी उपाशी झोपत नाही. आम्हांला या अन्नदानाबद्दल आदरच आहे. पण मुक्काम एका रात्रीचा. पालखी भंडीशेगावकडे निघाली की शाळा पुन्हा भरते, आणि समोर बसलेल्या मुलाच्या पोटात सकाळपासून काय गेले आहे, हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो. तो सोडवायचा कुणी? घरच्यांनी, दानशूरांनी की सरकारने? या वादाला आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खोदण्याची कामे काढली. मजुरी किती द्यायची? खर्च आवरण्यासाठी नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल यांचे मत असे, की दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर माणूस भागवू शकेल. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. शंभर ग्रॅम धान्यातून साधारण ३५० कॅलरी मिळतात. म्हणजे सगळे मिळून १५७५. (हा हिशेब वर्गात मुलांकडून जरूर करून घ्यावा.) कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला साडेतीन हजारांच्या आसपास लागतात. निम्म्याहून कमी अन्नावर खडी फोडायची! मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला विरोध केला. इकडे मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आहाराचा आकडा हा राजकीय आकडाही असतो, हे तेव्हापासून दिसते आहे.

त्याच दुष्काळात, १८७७ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम उभा केला. पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी मागणी केली, की निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शाळा वाढवाव्यात एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. शेतकऱ्याला गुरे राखायला मूल हवे असते, म्हणून शिष्यवृत्त्या, बक्षिसे अशी काही ओढ लावल्याशिवाय ते शाळेत येणार नाही, हेही त्यांनी सांगितले. भुकेल्या मुलांना जेवू घातलेल्या माणसाचे हे निवेदन आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. तिथे मुले एका पंगतीला जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट आपण भाषणांत डोळे पुसत सांगतो. पण एका बाईच्या अंगावरचे सोने किती दिवस पुरणार, आणि किती मुलांना?

याचे उत्तर तामिळनाडूने दिले. मद्रास महापालिकेने १९२५ मध्ये शाळेत जेवण सुरू केले होते. कामराजांनी पन्नाशीच्या दशकात ते राज्यभर नेले आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला आली. बहुतेक राज्यांनी, आपल्यानेही, शिजवण्याची कटकट टाळली आणि हजेरी भरणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ देऊन मोकळी झाली. मोहोळच्या संशोधन केंद्राने ज्या जिल्ह्यातून मालदांडी ज्वारीचा वाण दिला, तिथेही तांदूळच! असो. तीन किलो म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम. पण पिशवी घरी गेली की पाच माणसांत वाटली जाते. मुलाच्या वाट्याला वीस ग्रॅम, म्हणजे सत्तर कॅलरी.

म्हणून २८ नोव्हेंबर २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश महत्त्वाचा. शाळेत शिजवलेले जेवण द्या, असे न्यायालयाने राज्यांना बजावले. त्यानंतर आपल्या शाळांत खिचडी शिजू लागली. आज पाचवीपर्यंतच्या मुलासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण आहे. शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, पाच ग्रॅम तेल आणि थोडी भाजी यांत ते बसते, आणि हे सारे त्याच मुलाच्या पोटात जाते. प्रौढाच्या विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. लहान मुलात हा वाटा बराच मोठा असतो. गणिताच्या तासाला पेंगणारे मूल आळशीच असेल असे नाही. न्यायालयाने २००४ मध्ये आणखी सांगितले, की दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही जेवण द्यावे आणि स्वयंपाकासाठी दलित, आदिवासी व्यक्तींना प्राधान्य द्यावे. साताऱ्याची पंगत अशी नियमात आली.

खिचडीत एक उणीव राहते. ब-१२ जीवनसत्त्व तांदळात नाही, डाळीत नाही. अंड्यात आहे, शिवाय सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले; न खाणाऱ्याला केळे किंवा दुसरे फळ. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा सरकारी पैसा बंद झाला आणि द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना कळवण्यात आले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा वर्षाला दोनशे दिवस भरते. आठवड्याला एक म्हटले तरी मुलामागे चाळीसएक अंडी होतात, आणि आता ती मुख्याध्यापकांनी वर्गणी मागून जमवायची आहेत.