जुना, स्वस्त लॅपटॉप फक्त लिहिण्यासाठी कसा वापरायचा? मराठीत लिहिणाऱ्यांनी आधी हे तपासा

लिहायला बसलं की नोटिफिकेशन येतं. ‘एकदाच बघू’ म्हणत ब्राउझर उघडला जातो आणि तासाभराने स्क्रीनवर तीनच ओळी दिसतात. यावर साधा उपाय म्हणजे लिहिण्यासाठी वेगळं मशीन ठेवायचं आणि त्याला इंटरनेट जोडायचंच नाही.

असं कोण लिहितं?
‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका ज्यांच्या कादंबऱ्यांवर आधारित आहे, ते जॉर्ज आर. आर. मार्टिन इंटरनेट नसलेल्या डॉस संगणकावर ‘वर्डस्टार ४.०’मध्ये लिहितात, असं त्यांनी २०१४ मध्ये सांगितलं होतं. फक्त टायपिंगसाठी बनवलेलं ‘अल्फास्मार्ट निओ’ हे यंत्रही लेखकांमध्ये लोकप्रिय होतं. ते तीन पेन्सिल सेलवर शेकडो तास चालायचं. २०१३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

मग मराठीसाठी लॅपटॉपच का?
कारण या दोन्हींवर देवनागरी सहजासहजी लिहिता येत नाही. साध्या जुन्या लॅपटॉपवर मात्र युनिकोड मराठी सहज चालतं.

काय करायचं?
• सेकंडहँड घेताना वेगापेक्षा कीबोर्ड पाहा. प्रत्येक बटण दाबून बघा. बॅटरी फुगलेली असेल तर तो लॅपटॉप घेऊ नका.
• विंडोज जड जात असेल तर ‘लुबुंटू’सारखी हलकी, मोफत लिनक्स प्रणाली टाका.
• ‘फोकसरायटर’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते पूर्ण स्क्रीन व्यापतं, त्यामुळे समोर फक्त मजकूर राहतो.
• सगळं बसवून झालं की वायफाय बंद करा आणि लॅपटॉपला पासवर्ड विसरायला लावा.

खरी अडचण कुठे येते?
इंग्रजी अक्षरं टाइप करून मराठी उमटवणाऱ्या वेबसाइट इंटरनेटशिवाय चालत नाहीत. म्हणून वायफाय बंद करण्याआधी ‘इन्स्क्रिप्ट’ कीबोर्ड सुरू करून घ्या. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींत मिळतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. सुरुवातीला हात अडखळतो, पण नंतर नेट लागत नाही. जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट टाळा. त्यातला मजकूर दुसरीकडे उघडला की अगम्य अक्षरं दिसू शकतात.

आणि बॅकअप?
नेट नाही म्हणजे क्लाउडही नाही. जुनी हार्ड डिस्क कधीही दगा देऊ शकते. रोज उठण्याआधी फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. एवढी एक सवय मोडली, तर महिन्यांची मेहनत एका झटक्यात जाऊ शकते.