चूक नर्सची, भरपाई कोणाची?

मी कोड लिहितो. माझ्या बगमुळे क्लायंटचं नुकसान झालं, तर नोटीस कंपनीला जाते. नर्सचंही तसंच असणार, ‘हॉस्पिटल बघून घेईल’, असं आपण धरून चालतो. मग तिने स्वतःचा इन्शुरन्स कशाला काढायचा? पण हॉस्पिटल पूर्वी बघून घेत नव्हतं. त्यासाठी आधी इंग्लंडला जाऊ.

लंडनचं सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल. एका पेशंटला भूल देऊन तपासत असताना त्याचा टेबलाबाहेर लोंबकळणारा हात भाजला. तो पेशंट स्वतः डॉक्टर होता. त्याने हॉस्पिटलवर केस टाकली. १९०९ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स सर्जनचं ऐकते, हॉस्पिटलचं नाही. म्हणजे हॉस्पिटल मोकळं!

हे बदलायला चाळीसएक वर्षं गेली. १९५१ च्या कॅसिडी केसमध्ये दोन बोटांच्या ऑपरेशनला गेलेल्या माणसाची चार बोटं आखडली. तेव्हा कोर्टाने ठणकावलं, पगारी डॉक्टर असो की नर्स, जबाबदारी हॉस्पिटलची.

संपला प्रश्न? नाही. १९५७ मध्ये एका ट्रक ड्रायव्हरची केस आली. गाडी रिव्हर्स घेताना त्याची धडक त्याच्याच वडिलांना बसली. दोघेही एकाच कंपनीत. इन्शुरन्सवाल्यांनी वडिलांना भरपाई दिली आणि मग कंपनीच्या नावाने तेच पैसे मुलाकडून मागितले. हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केलं! तत्त्व सगळ्याच नोकरदारांना लागू होणारं, म्हणजे नर्सलाही. खूप टीका झाल्यावर असे दावे सहसा करणार नाही, असं इन्शुरन्स कंपन्यांनी आपसात ठरवलं. कायदा मात्र तिथेच राहिला.

२०१४ पासून ब्रिटनमध्ये नर्सचं रजिस्ट्रेशन टिकवायचं तर इन्शुरन्सचं कवच लागतंच. पण ते मालकाने दिलेलं असलं तरी चालतं.

आता आपल्याकडे. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर दिल्लीच्या एका हॉस्पिटलची केस होती. नर्सने चुकीचं इंजेक्शन दिलं आणि एका लहान मुलाचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. भरपाईची जबाबदारी हॉस्पिटलवर आली. बरोबरच आहे, कारण कोणाला नर्स म्हणून नेमायचं आणि एकीला किती पेशंट द्यायचे, हे हॉस्पिटलच ठरवतं.

म्हणून माझं मत असं. सगळ्या नर्सनी आपापली पॉलिसी काढावी, असं सरसकट म्हटलं की हा भार पुन्हा १९०९ सारखा सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर सरकतो. हॉस्पिटलच्या पॉलिसीत नर्सचं संरक्षण स्पष्ट लिहिलेलं हवं. पण घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या नर्सच्या मागे हॉस्पिटल नसतं, तिने स्वतःची काढावीच. आणि नोकरी करणाऱ्या नर्सने जॉइन होतानाच एचआरला तीन गोष्टी विचाराव्यात: पॉलिसीत मी आहे का? माझ्या वकिलाचा खर्च कोण देणार? आणि भरलेले पैसे नंतर माझ्याकडून मागणार का?

तुमच्या घरी कोणी नर्स असेल, तर हा एपिसोड तिला पाठवा. भेटू पुढच्या भागात!