काहीच बदललं नाही, असं म्हणू नका

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या काही तरुणांना घेऊन कार्ले लेणी पाहायला गेलो होतो. परतताना मळवली स्टेशनवर लोकलची वाट पाहत असताना एक जण म्हणाला, "दादा, रोज अत्याचाराचीच बातमी. मग एवढ्या वर्षांत बदललं काय?" प्रश्न खरा आहे. उत्तर इतिहासात शोधावं लागेल.

स्टेशनच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याचा चैत्य भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठा. तो एकट्या राजाचा नाही. शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, तसाच धेनुकाकटचा सुतार सामीही आहे. स्तंभ देणारे यवन आहेत, एका गृहस्थाची आईही आहे. पुढे हा धम्म याच डोंगरांतून पुसला गेला. बाबासाहेबांनी त्याला प्रतिक्रांती म्हटलं. म्हणजे प्रगती आपोआप होत नाही आणि झालेली टिकेलच याची हमी नसते.

पण पुसलेलं परत आणताही येतं. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. बरोबर 27 वर्षांनी, 25 डिसेंबर 1954 रोजी, याच रेल्वेमार्गावरच्या देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली.

आता आकडे बघा. 1961 च्या जनगणनेत अनुसूचित जातींची साक्षरता 10.27 टक्के होती, स्त्रियांची अवघी 3.29. 2011 मध्ये ती 66.07 आणि 56.46 झाली. जगाकडे पाहिलं तर 1990 मध्ये हजारातली 93 मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत. 2022 मध्ये हा आकडा 37 वर आला. ज्या रोगाला आपण 'देवी' म्हणून हात जोडत होतो, तो 1980 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. नवसाने नव्हे, घरोघर फिरून दिलेल्या लसीने. दुःखाला कारण असतं आणि कारण दूर केलं की दुःख संपतं, ही तथागतांची शिकवण इथे डोळ्यांना दिसते.

यावर काही जण लगेच म्हणतील, "मग आता आरक्षण कशाला?" त्यांना त्याच जनगणनेतला दुसरा आकडा दाखवा. 2011 मध्ये देशाची सरासरी 73 टक्के होती. दरी अजून आहे. आपल्या शंभरातल्या सुमारे 44 बायाबापड्यांना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं.

'सगळं छान आहे' म्हणणारा आणि 'काहीच बदललं नाही' म्हणणारा, दोघेही एकच चूक करतात. दोघेही सावित्रीमाईंची शाळा, महाडचा सत्याग्रह, संविधानाचं कलम 17 आणि स्वतः अंगठा उठवून पोरांना शिकवणाऱ्या आपल्या आयांचे कष्ट हिशेबातून वगळतात. त्या 10 चे 66 काळाने नाही केले, माणसांनी केले.

म्हणून मित्रांनो, आशा म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. वस्तीतली एक मुलगी यंदा शाळा सोडणार असेल, तर आज संध्याकाळी तिच्या घरी जा. चैत्यातला सामीचा वाटा त्याच्या हातचा होता. आपला वाटा आपणच घालायचा आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!