संताचे बेट, पाखरांचे राज्य

इंग्लंडच्या ईशान्येस, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यासमोर, फार्न नावाचा खडकाळ द्वीपसमूह आहे. भरती-ओहोटीप्रमाणे त्यातील बेटांची संख्या १५ ते २८ अशी कमीजास्त होते. त्यांपैकी मोठे बेट इनर फार्न. आज तेथे कोणाचेही कायमचे घर नाही. वसंतापासून मात्र पफिन, सुरय, आयडर बदके अशी सहस्रावधी पाखरे तेथे घरटी करतात, आणि शरदात करड्या सीलांची पिले जन्मतात.

या पक्षितीर्थाचा इतिहास एका संतापासून सुरू होतो. लिंडिसफार्न मठाचे प्रमुख कथबर्ट इ. स. ६७६च्या सुमारास एकान्तवासासाठी येथे आले. त्यांनी दगडमातीची कुटी उभारली. आतून केवळ आकाश दिसावे एवढ्या तिच्या भिंती उंच होत्या. संत बीड यांनी लिहिलेल्या चरित्रात आपण वाचतो, की गहू उगवला नाही म्हणून त्यांनी जव पेरला आणि पाखरे तो खाऊ लागली. संतांनी दगड उचलला नाही. शब्दांनीच समज दिली आणि पाखरे उडून गेली. इ. स. ६८५ मध्ये त्यांना बिशपपद स्वीकारावे लागले. परंतु अखेरीस ते याच बेटावर परतले आणि २० मार्च ६८७ रोजी येथेच निवर्तले.

आयडर बदकांना संतांनी अभय दिले, अशी परंपरा आहे. पुष्कळजण तिला पक्षिरक्षणाचा जगातील पहिला कायदा म्हणतात. येथे आपण तारतम्य राखले पाहिजे. बीड या बदकांविषयी मौन पाळतात. ही कथा आढळते ती बाराव्या शतकात, डरहमच्या रेजिनाल्ड या मठवाशाच्या लेखनात. तरीही पाचशे वर्षांनंतरही लोकांनी हे अभय संताच्या नावाशी जोडावे, यातच त्यांच्या स्मृतीचे बळ दिसते. त्या भागात आयडरला आजही 'कडीचे बदक' म्हणतात. कडी म्हणजे कथबर्टचे लाडके नाव.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि बेटावरील प्रार्थनेचा स्वर थांबला. पुढे हौशी शिकारी व अंडी गोळा करणारे यांच्यापासून पाखरांना वाचवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात आर्चडीकन चार्ल्स थॉर्प यांनी राखणदार नेमले. १८६९ साली ब्रिटिश पार्लमेंटने समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९२५ साली ही बेटे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आली. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने असंख्य पक्षी दगावले. बेटावर उतरण्यास बंदी झाली आणि इनर फार्न पाहुण्यांना पुन्हा खुले झाले ते २०२४ मध्ये.

निर्जन बेट आपोआप सुरक्षित राहत नाही, हे या इतिहासातून कळते. मनुष्य तेथून गेला आणि शिकारी आले. रक्षणासाठी पुन्हा माणसालाच तेथे उभे राहावे लागले. संत कथबर्ट यांचा सण २० मार्च रोजी, उपवासकाळात येतो. संयमाच्या त्या दिवसांत आपल्या ताटातील घासाबरोबर आपल्या किनाऱ्यावरील, खाडीवरील पाखरांचाही आपण विचार करावा.